तीन सेकंदांचे अण्णा

माझ्या ई-पत्रांच्या तळाशी, नाव आणि हुद्दा संपल्यावर, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडे मोठे असे एक हलते चित्र असे. २०१० साली मी ते तयार केले आणि गेल्या दिवाळीपर्यंत ते तिथे होते. खांद्यावर उपरणे घेतलेले एक गृहस्थ खांबाजवळ उभे आहेत. ते वळतात. उजवा हात छातीपर्यंत वर येतो, तळवा समोर. क्षणभर तसाच थांबतो आणि खाली जातो. मग ते पुन्हा वळतात. एवढेच. ते गृहस्थ माझे वडील. चित्र केले तेव्हा त्यांना जाऊन एक वर्ष झाले होते.

काही पत्रयंत्रणा हलत्या चित्राची फक्त पहिली चौकट दाखवितात आणि पुढचे सारे गिळून टाकतात. हे मला बरीच वर्षे ठाऊक नव्हते. एका परिसंवादाच्या पत्रव्यवहारात दुसऱ्या महाविद्यालयातील एका सहकाऱ्यांनी अखेर भीत भीत विचारले, "सर, तुमच्या सहीखाली ते पाठमोरे गृहस्थ कोण?" म्हणजे त्यांच्या संगणकावर अण्णा कधी वळलेच नव्हते! पत्रांमागून पत्रे जात राहिली आणि अण्णा त्यांच्याकडे पाठ करून उभे राहिले. अण्णांना हे आवडले असते, असे मला तेव्हा वाटून गेले.

या चित्राला काय म्हणावे हाही प्रश्न होताच. 'सही' हा शब्द अरबीतून आला. खरे, बिनचूक, असा त्याचा मूळ अर्थ. 'स्वाक्षरी' मात्र आपली, संस्कृत वळणाची. तीत 'स्व' आहे आणि 'अक्षर' आहे. माझ्या चित्रात अक्षर एकही नव्हते आणि ते 'स्व'चेही नव्हते. तरी मी त्याला स्वाक्षरीच म्हणत असे. अण्णा गणिताचे शिक्षक. त्यांची स्वतःची स्वाक्षरी बारीक, ताठ, खाली दोन टिंबे आणि तारीख. माझ्या प्रगतिपुस्तकावर ती दर सहामाहीला उमटे. गुण वाचून त्यांनी कधी काही म्हटल्याचे आठवत नाही. पेनाचे टोपण लावल्याचा आवाज तेवढा आठवतो.

चित्राचा उगम एका लग्नाच्या व्हिडिओत आहे. १९९६ च्या मे महिन्यात वाईला ताईचे लग्न झाले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे व्हिडिओवाला होता, त्याचा प्रखर दिवा धरणारा एक पोरगा होता आणि त्या दिव्याच्या वायरीत अडखळणारे आम्ही सगळे होतो. तीन तासांची कॅसेट महिन्याभराने घरी आली ती 'मिक्सिंग' होऊन. म्हणजे बदामाच्या आकारातून नवरा-नवरी प्रकट होत होते, कमळाच्या पाकळ्या मिटून सीमांतपूजन संपत होते आणि मूळचे सारे आवाज पुसून पहिल्यापासून शेवटपर्यंत सनई घातली होती. मंगलाष्टके म्हणणाऱ्या मामांचे तोंड हलते आणि सनई ऐकू येते! त्या वेळी आम्हांला यात काही गैर वाटले नाही. उलट काम झकास झाले असेच सर्वांचे मत पडले.

२००५ च्या सुमारास एका दुकानात ती कॅसेट देऊन तीन चकत्या करून आणल्या. चित्राची रुंदी ३५२ ठिपके, उंची २८८, सेकंदाला २५ चौकटी. आजच्या कुठल्याही फोनचा साधा फोटो याच्या शेकडो पट मोठा असतो. अण्णा गेल्यावर, २०१० च्या उन्हाळी सुटीत, मी त्या तिन्ही चकत्या वही घेऊन पाहिल्या आणि अण्णा कुठे कुठे आहेत त्याची नोंद केली. तीन तासांत ते सगळे मिळून चार मिनिटे आणि काही सेकंद होते. वधूपिता! त्यातही बहुतेक वेळा पाठमोरे, किंवा दुसऱ्याच्या खांद्याआड, किंवा पंगतीच्या दूरच्या टोकाला 'सावकाश होऊ द्या' म्हणत वाकलेले. कॅमेरा आला की ते निघत. चेहरा समोर येऊन नीट दिसतो असा एकच तुकडा सापडला. खांबाजवळचा.

तो तुकडा मी निवडला याला चेहऱ्याखेरीज दुसरेही कारण होते. ते सांगितले नाही तर पुढचे कळणार नाही.

लग्नाच्या आदल्या वर्षी, १९९५ च्या जूनमध्ये, माझा दहावीचा निकाल लागला. गुण चांगले होते. मी अण्णांना सांगितले की मला कला शाखेला जायचे आहे आणि पुढे मराठी घ्यायचे आहे. ते आरामखुर्चीत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. फक्त उजवा हात छातीपर्यंत वर केला, तळवा माझ्याकडे. त्या तळव्यापुढे माझे वाक्य अर्धे राहिले. मी कला शाखेलाच गेलो. अण्णांनी फी भरली, पावती माझ्या टेबलावर ठेवली आणि त्या विषयावर पुढे चौदा वर्षे, म्हणजे त्यांच्या अखेरीपर्यंत, आमच्यात एक अक्षर बोलले गेले नाही. मी एम.ए. झालो, नेट झालो, नोकरीला लागलो. पेढे त्यांनीच वाटले. पण तो तळवा तसाच राहिला.

आणि पंधरा वर्षांनी, चकती फिरत असताना, खांबाजवळ तोच तळवा पुन्हा वर आला. कोन तोच, उंची तीच. मला वाटले, हीच अण्णांची सही. कॅमेऱ्याला नको, फोटोला नको, मुलाच्या मराठीला नको. मराठीच्या प्राध्यापकाच्या प्रत्येक पत्राखाली हे 'नको' असावे, या कल्पनेत थोडा सूड होता, हे आज कबूल करायला हरकत नाही. लोभही होता. दोन्ही किती किती होते, हे मोजायला माझ्याकडे अण्णांची शिस्त नाही.

आता करणीकडे वळतो. व्हर्च्युअलडब नावाच्या फुकट मिळणाऱ्या साधनात व्हिडिओ उघडून हवा तेवढा तुकडा कापता येई, आणि त्या चौकटी गिंप नावाच्या, तशाच फुकट, चित्रसंपादकात थरांसारख्या एकावर एक रचता येत. बरोबर तीन सेकंद घेतले. पंचवीस त्रिक पंचाहत्तर चौकटी. एवढ्या ठेवल्या तर चित्र फुगून पत्राला जड होते, म्हणून दर तिसरी ठेवली, उरल्या पंचवीस. जिफ चित्रात प्रत्येक चौकट किती वेळ दाखवायची ते सेकंदाच्या शतांशांत लिहावे लागते. मी १२ लिहिले. पंचवीस गुणिले बारा, तीनशे शतांश, पुन्हा तीन सेकंद. हिशेब तंतोतंत जुळला याचा मला नको इतका आनंद झाला.

रंगांची गोष्ट अधिक कठीण. जिफच्या रंगपेटीत जास्तीत जास्त २५६ रंग मावतात, आणि आकार आटोक्यात ठेवायचा तर तेवढेही परवडत नाहीत. मी ३२ वर आलो. माणसाच्या एका गालावर, दिव्याच्या उजेडात, किती छटा असतात याची आपल्याला कल्पना नसते. त्या कमी करू लागले की कळते. ६४ रंगांत अण्णा होते. ३२ रंगांत होते, पण कपाळ आणि टक्कल यांतली सीमा गेली. १६ रंगांत ते एखाद्या प्रचारपत्रकावरचे उमेदवार दिसू लागले. नसलेला रंग असलेल्या रंगांचे ठिपके शेजारी शेजारी टाकून भासवायची एक युक्ती आहे. तिची सर्वांत प्रसिद्ध रीत फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग या दोघांच्या नावाने १९७६ पासून ओळखली जाते. पण ती वापरली की दर चौकटीत ठिपके वेगळे पडतात आणि गालावर मुंग्या चालल्यासारख्या दिसतात. ती सोडून दिली.

मग भिंत. जिफमध्ये चित्र आवळण्याची जी पद्धत आहे, लेंपेल, झिव आणि वेल्च या तिघांची, तिचे मर्म असे की जे पुन्हा पुन्हा येते त्याची ती एक यादी करत जाते, आणि पुढच्या वेळी पूर्ण मजकूर न लिहिता यादीतला क्रमांक लिहिते. पाठ झालेल्या आरतीसारखे. पहिले दोन शब्द म्हटले की पुढचे सगळे आलेच. सपाट रंगाची भिंत म्हणून फार स्वस्त पडते. शिवाय जो भाग बदलला नाही तो पुढच्या चौकटीत नुसता पारदर्शक ठेवून देता येतो. पण व्हिडिओ कॅसेटवरची भिंत सपाट नसते. तिच्यात सतत एक खळबळ असते, डोळ्यांना जाणवत नाही पण आकड्यांना जाणवते. पंचवीस चौकटींत पंचवीस भिंती होत्या. मी पहिल्या चौकटीतली भिंत कापून उरलेल्या चोवीस चौकटींत चिकटविली. खांबही तसाच. मागून दोन बायका आणि एक मुलगा जात होते, तेही त्या भिंतीखाली गाडले गेले. आकार निम्म्याहून कमी झाला. लग्नघराची वर्दळ नाहीशी झाली आणि अण्णा एकटे उरले, हे मला तेव्हा सुबक वाटले.

शेवटचा प्रश्न फिरतीचा. शेवटच्या चौकटीवरून पहिलीवर येताना धक्का बसतो. हा धक्का लपवायचा तर त्याच चौकटी उलट क्रमाने जोडतात. हात जसा आला तसाच जातो. करून पाहिले. अण्णा निरोपाचा हात हलवू लागले. पटकन पुसले. त्यापेक्षा धक्का पत्करला.

आता थोडे या चित्रप्रकाराविषयी, कारण आपण वापरतो त्या वस्तूचा जन्म आपल्याला क्वचित ठाऊक असतो. १९८७ साली अमेरिकेतील कॉम्प्युसर्व्ह या कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांच्या देखरेखीखाली जिफचा जन्म झाला. हेतू साधा होता: मंद तारांवरून रंगीत चित्र लवकर पोहोचावे. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत चौकटींना वेळ देण्याची सोय आली. विल्हाइट २०२२ च्या मार्चमध्ये वारले. त्यांना २०१३ साली एक सन्मान मिळाला तेव्हा त्यांनी भाषण न करता पडद्यावर हलते चित्रच दाखविले, आणि त्यात एवढेच लिहिले होते की उच्चार 'जिफ' आहे, 'गिफ' नव्हे. रोमन लिपीत हा वाद वर्षानुवर्षे चालतो. देवनागरीत लिहिणाऱ्याला पहिल्याच अक्षराला पक्ष घ्यावा लागतो. मी जनकाचा पक्ष घेतला.

परंतु चौकटी संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचे, ही सोय विल्हाइट यांच्या मूळ योजनेत नव्हती. ती १९९५ च्या सुमारास नेटस्केप या कंपनीने आपल्या दर्शकात घातली. फिरत्या प्रत्येक जिफच्या पोटात तेव्हापासून त्या कंपनीचे नाव आणि आवृत्तीचा आकडा, अशी अकरा चिन्हे लिहिलेली असतात, आणि त्यांच्यामागे किती वेळा फिरायचे तो आकडा. तिथे शून्य लिहिले तर अर्थ होतो: अनंत वेळा. शून्य आणि अनंत यांची अशी गाठ पाहून अण्णांनी चष्मा पुसला असता. नेटस्केपचा दर्शक २००८ साली अधिकृतपणे बंद झाला. नाव मात्र फिरणाऱ्या चित्रांत अजून कोरले जाते. अण्णांच्या तीन सेकंदांतही ते होते.

तसे पाहिले तर ही फिरती चित्रपटाहून जुनी आहे. बेल्जियमच्या जोसेफ प्लातो याने १८३२ साली एक तबकडी केली. कडेने चित्रे, मधे फटी. आरशासमोर धरून फिरवायची आणि फटींतून पाहायचे, की चित्र हलू लागते. तबकडीला टोक नसते, म्हणून तिच्यावरच्या हालचालीलाही आरंभ नाही, शेवट नाही. नाचणारा नाचतच राहतो. आरंभ आणि शेवट असलेली हलती चित्रे नंतर आली. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणून सर्वांत आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली, 'अंकुराची वाढ'. रोज थोडी थोडी चित्रे घेऊन दिवसांचे काम क्षणांत दाखविले. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून ती खटपट होती. पण तिच्यात एक रोप एकदाच उगवते आणि वर जाते. माझा उद्योग याच्या नेमका उलटा होता. फाळक्यांनी पुष्कळ काळ थोड्यात आणला. मी तीन सेकंद घेतले आणि रहाटाला बांधले.

वर्गात काळ शिकविताना मला हे एकदा अचानक जाणवले. मुलांना वाटते की फिरते चित्र वर्तमानकाळात असते. कारण पाहू तेव्हा ते चाललेले असते. माझ्या मते ते रीतिभूतकाळात असते. 'त्याने हात वर केला' ही घटना झाली. 'तो हात वर करी' हा स्वभाव झाला. मराठीत केवळ क्रियापदाचे रूप बदलून घटनेचा स्वभाव करता येतो, आणि जिफमध्ये केवळ एक शून्य लिहून. जुन्या चरित्रांत वाचा: महाराज पहाटे उठत, नदीवर जात, कोणास दुखवीत नसत. एखाद्या पहाटे ते उठले नसतील, कोणास तरी दुखविलेही असेल. ते सारे त्या 'त'मध्ये विरघळते. अण्णांनी मे १९९६ मध्ये एकदा हात वर केला होता. मी त्यांना हात वर करीत असणारा माणूस करून टाकले. 'नको' हे त्यांचे पालुपद झाले. अभंगातले धृपद दर खेपेला परत येते, पण मधे नवे कडवे ऐकून आलेले असते, म्हणून ते तेच राहत नाही. माझ्या चित्रात कडवी नव्हती.

ही जाणीव झाली, वर्गात सांगून झाली, मुलांनी लिहूनही घेतली. चित्र मात्र मी काढले नाही. आपल्याला कळलेले आणि आपण केलेले यांचा संबंध असतोच असे नाही.

गेल्या दिवाळीत आई माझ्याकडे होती. ती आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. गुडघे गेले आहेत, नजर चांगली आहे. भाच्याला एक पत्र पाठवीत होतो, ती शेजारी बसून करंज्यांचे काठ कातीत होती. तिने पडद्याकडे पाहिले आणि हातातले कातणे खाली ठेवले. इतक्या वर्षांत मी ते तिला दाखविले नव्हते. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही; दाखवायचा धीर झाला नव्हता म्हणा.

"हे ताईच्या लग्नातले," ती म्हणाली.

"हो. व्हिडिओवाला आला तेव्हाचे. नको म्हणताहेत त्याला."

"व्हिडिओवाल्याला कशाला नको म्हणतील? तो उजव्या अंगाला होता. हे माझ्याकडे बघताहेत."

मी काहीच बोललो नाही. आई सांगू लागली. विहीणबाई, व्याही, मामा-मामी, सगळे फोटोसाठी व्यासपीठावर उभे होते. अण्णा तेवढे खांबाशी. आईने खाली उतरून त्यांना हाक मारली, "अहो, या की आता, सगळे खोळंबलेत." त्यावर अण्णा वळले आणि हात वर करून म्हणाले, "थांब, आलो."

"तोंड बघ ना त्यांचे," आई म्हणाली. "ओठ मिटलेत का? बोलताहेत ते."

बत्तीस रंगांत ओठ कुठे होते! दोन ठिपक्यांची एक तांबूस रेघ होती आणि ती हलते आहे की नाही हे सांगता येत नव्हते. आईला मात्र ती बोलताना दिसत होती. आवाज जिफमध्ये नसतोच. हल्ली फोनवर ज्याला जिफ म्हणून पाठवितात ते पुष्कळदा खरे जिफ नसून आवाज काढून टाकलेला व्हिडिओच असतो, पण मुकेपण त्यानेही जपले आहे. आणि इथे मूळ कॅसेट ऐकून पाहायचीही सोय नव्हती. तिच्यावर सनई होती.

रात्री मी जुनी चकती काढली. ती नव्या लॅपटॉपवर लागेना, कारण त्याला चकतीची खाचच नाही. बाहेरून जोडायचे एक यंत्र शेजाऱ्यांकडून आणले. तो तुकडा सापडला. मी अण्णांच्या वळण्यापासून कापले होते. या वेळी एक सेकंद आधीपासून पाहिले, आणि पूर्ण रुंदीचे. चौकटीच्या डाव्या काठाला, माझ्या जुन्या कात्रीच्या पुष्कळ बाहेर, एक हात येतो. कोपरापासून पुढचा फक्त. हिरव्या बांगड्यांनी भरलेले मनगट, जांभळ्या शालूचा काठ, आणि बोलावणारी बोटे. एकेक चौकट पुढे नेत मोजले: अकरा चौकटी तो हात दिसतो. मग नाहीसा होतो आणि अण्णा वळू लागतात.

पंधरा वर्षांपूर्वी चित्र कापताना हा हात मला दिसला नसेल असे नाही. दिसला असेल. पण मी अण्णांना शोधत होतो. कडेला कोणाचा हात आहे हे पाहण्याचे कारण नव्हते. शिवाय माझ्यापाशी आरामखुर्चीतला तळवा आधीच तयार होता. खांबाजवळचा तळवा त्यावर ठेवून पाहिला आणि तो बसला. वर्गात आम्ही मुलांना सांगतो, की संहितेतला एक शब्द संदर्भातून उपटून त्याचा अर्थ लावू नका. ते असो.

दुसऱ्या दिवशी मी नवे चित्र करायला बसलो. चार सेकंदांचे, पूर्ण रुंदीचे. लगेच अडचणी सुरू झाल्या. आईचा हात डाव्या काठाला, अण्णा उजवीकडे, मधे सगळी मोकळी जागा. दोघांना आणायचे तर चित्र रुंद होते. रुंदी पत्रात मावेल इतकी आवळायची तर अण्णा निम्मे होतात. चेहरा पूर्वी चाळीस ठिपक्यांचा होता, तो वीसचा झाला. त्याहून मोठी अडचण रंगपेटीची. हिरव्या बांगड्या आणि जांभळा शालू आत आले, आणि त्यांनी रंग मागितले. कुठून द्यायचे? पेटी तेवढीच. शालूच्या काठाला सात-आठ रंग गेले, तेवढे अण्णांच्या गालावरचे कमी झाले. रंग वाढविले की आकार वाढे. आकार उतरविला की अण्णा फिके पडत. तिसऱ्या प्रयत्नात आईचा हात जिवंत दिसत होता आणि अण्णा चुन्याच्या पुतळ्यासारखे.

आई मागे येऊन उभी राहिली होती. "माझा हात नको घालूस," ती म्हणाली. "त्यांचा चेहरा गेला."

"पण मग ते कोणाला म्हणताहेत हे कळायचे नाही."

"कोणाला कळायला हवे आहे?"

याला उत्तर नव्हते. मी ४८ रंगांवर तडजोड केली, भिंत या वेळी चिकटविली नाही, मागच्या दोन बायका आणि मुलगा यांनाही राहू दिले. चित्र जड झाले; पत्राच्या तळाशी टाकण्याजोगे नाही. ते टाकलेही नाही. माझ्या पत्रांखाली आता नाव आणि हुद्दा एवढेच असते. एक-दोघांनी विचारले, ते पाठमोरे गृहस्थ कुठे गेले.

मधे एकदा, चित्र एका बाजूला फिरत असताना, मी आईला तो दुसरा प्रश्न विचारून घेतला. आरामखुर्चीतला. मी तिला आठवण करून दिली: दहावीचा निकाल, मी दारात उभा, अण्णांचा हात. मला काय ऐकायचे होते ते वाचकांना सांगायला नको. तोही हात कदाचित 'थांब' म्हणत असेल, थांब, विचार करू दे, थांब, आलो. एका हाताचा अर्थ बदलला तर दुसऱ्याचाही बदलेल अशी मला आशा होती.

आईने क्षणभरही विचार केला नाही. "छे," ती म्हणाली, "तो नकोचाच होता. चार दिवस धड जेवले नव्हते. फी भरायला मी पाठवले."

आणि ती कपाटातून लग्नाचा अल्बम काढायला गेली. जाड पानांचा, प्रत्येक पानावर करकर वाजणारा पातळ कागद. तिला हवे ते पान लगेच सापडले. व्यासपीठावरचा मोठा फोटो: नवरा-नवरी मधे, विहीणबाई, व्याही, मामा, मामी, पुढच्या ओळीत मुले, एका कडेला हातात पाण्याचा जग घेतलेला सतरा वर्षांचा मी, कोणी तरी ओढून उभा केलेला. आईच्या शेजारी एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी आहे. छायाचित्रकाराने सरकायला सांगितले असणार. ती सरकलेली नाही.

"'आलो' म्हणाले," आई म्हणाली, "आणि गेले पंगतीकडे. श्रीखंड कमी पडत होते म्हणे."